दोन मामा आणि मतदारयादी

लग्न आणि निवडणूक या दोन गोष्टींत आपल्याकडे कमालीचं साम्य आहे. दोन्हींत आधी आश्वासनं, मग मांडव, मग वाजंत्री आणि मग बराच काळ शांतता. दोन्हीकडे उमेदवार हसतमुख असतो आणि निकालानंतर तो पुन्हा तसा दिसेलच याची खात्री नसते. फरक एकच. निवडणुकीत मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. लग्नात तशी अट नाही. तिथे तीन वर्षांच्या भाच्यालाही मत असतं. मत नसतं ते फक्त ज्यांचं लग्न आहे त्यांना.

माझंच उदाहरण घ्या. १९८३ साली मला मुलगी दाखवायला सातजणांचं शिष्टमंडळ गेलं होतं. आईने मुलीच्या उंचीला मत दिलं, वडिलांनी तिच्या वडिलांच्या नोकरीला, आत्याने पोह्यांना. शेजारच्या काकू, ज्यांचा आमच्याशी सामाईक भिंतीपलीकडे काही संबंध नव्हता, त्यांनी नाकाविरुद्ध मत दिलं. प्रस्ताव बहुमताने संमत झाला. मला कुणी विचारलं नाही. हिला विचारायचं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. ‘विचारलं असतं तर?’ असं मी हिला एकदा विचारलं. त्यावर ही म्हणाली, ‘मतदान गुप्त असतं.’

तेव्हा २०१५ च्या मे महिन्यात आमच्या धाकट्या मामांनी वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे धरली आणि ‘बघ, लोकांच्या लग्नावर अख्खा देश मतदान करतोय,’ असं म्हटलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. मी म्हटलं, ‘मोठं एकत्र कुटुंब दिसतंय!’

मामा हसले. पण नेहमीसारखे हसले नाहीत. ते मला पुढे सांगेन.

देश होता आयर्लंड. प्रश्न होता, दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकमेकांशी लग्न करू द्यावं की नाही. लग्न होणार थोड्यांचं, मत देणार सगळे. आणि देश तरी कसला? सोवळ्याओवळ्यात आमच्या आजीला हार न जाणारा. तिथे घटस्फोटाला परवानगी मिळायला १९९५ चं सार्वमत लागलं आणि तेही जेमतेम नऊ हजार मतांनी निभावलं. ज्यांनी लग्न मोडायला एवढा वेळ घेतला, ते नव्या तऱ्हेचं लग्न जोडायला किती घेतील? पण २२ मे २०१५ रोजी मतदान झालं आणि १०० पैकी ६२ लोकांनी ‘हो’ म्हटलं. ४३ मतदारसंघांतला एकच तेवढा विरुद्ध गेला. परदेशी राहणाऱ्यांना टपालाने मत पाठवायची सोय नव्हती, म्हणून पोरंपोरी विमानं नि बोटी पकडून घरी आली. आपले चाकरमानी गणपतीला एस्टी पकडतात, तशी. आणि प्रचार म्हणाल तर दारोदार जाऊन, उंबऱ्याशी उभं राहून, माणसांनी आपली स्वतःची हकीकत सांगितली. आईबाप मुलांसाठी मतं मागत हिंडले. म्हणजे थोडक्यात, स्थळ घेऊनच हिंडले.

आता मामांविषयी. आमचं आजोळ मालवण तालुक्यातलं. धाकटे मामा मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. १९७१ साली त्यांनी गिरगावात एका चाळीत दोन खोल्या घेतल्या आणि खर्च झेपेना म्हणून एक पेइंग गेस्ट ठेवला. म्युनिसिपल शाळेत गणित शिकवणारे मास्तर. भाडं दरमहा पंचवीस रुपये ठरलं. मास्तर जे आले ते पन्नास वर्षं राहिले. भाडं कधी वाढलं नाही. ते दिलं जात होतं की नाही, हे एका हिशेबनीसाला आणि एका गणिताच्या मास्तरांना, दोघांनाही नीट सांगता यायचं नाही.

मामांना स्थळं येत. माझी आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, प्रचारप्रमुख. मामा प्रत्येक मुलीत खोट काढत. एकीचं गाणं, दुसरीचा स्वयंपाक, तिसरीच्या भावाचं गाणं. अकरावी मुलगी सर्वस्वी निर्दोष निघाली, तेव्हा मामा म्हणाले, ‘इतक्या चांगल्या मुलीचं मी वाईट कसं करू?’ घरात हशा पिकला. हे वाक्य पुढे वीस वर्षं लग्नकार्यांतून चाललं. मीही चालवलं. त्या वाक्यात विनोद नव्हता, सरळ माहिती होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

किंवा आलं होतं. आई दिवाळीला गिरगावात फराळाचे दोन डबे पाठवी, एक मामांचा, एक मास्तरांचा. कोणत्या वर्षी ते मला आठवत नाही, पण एका दिवाळीपासून दोन डब्यांऐवजी एकच मोठा डबा जाऊ लागला. ते आईचं मत. आमच्या घरातलं मतदान असं गुप्त होतं, इतकं की मतमोजणीला कुणी बसलंच नाही.

मग आले वराडकर. आयर्लंडचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी २०१५ च्या जानेवारीत, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आपण समलिंगी असल्याचं रेडिओवर सांगितलं होतं. जून २०१७ मध्ये ते त्या देशाचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉक्टर, आणि गाव वराड, तालुका मालवण! आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. ‘आपल्या वराडचो झील पंतप्रधान झालो!’ म्हणून तिने चाळीस वर्षं न केलेले फोन केले आणि तासाभरात वराडकरांशी आमचं नातं तीन बाजूंनी सिद्ध केलं. कुणीतरी भीत भीत तिच्या कानावर बाकीची गोष्टही घातली. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मगे काय झाला? पंतप्रधान झालो मां तो!’

म्हणजे पंतप्रधान झालं की चालतं. आमचे मामा हिशेबनीस होते, ही त्यांची चूक.

२०१९ च्या डिसेंबरअखेर वराडकर वराडला आले. सोबत आईवडील, बहिणी, त्यांचे नवरे, मुलं आणि आपला जोडीदार. गावाने सत्कार केला. मामांनी बातमी कातरून पंचांगात ठेवली. मास्तरांनी विचारलं, ‘जोडीदाराला कुठे उभं केलं असेल हो?’ मामा म्हणाले, ‘शेजारी. आणखी कुठे?’

२०२२ च्या पावसाळ्यात मामांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. रात्री अकराला मास्तरांचा फोन आला. मी डोंबिवलीहून पोचलो तेव्हा मामा आत होते आणि मास्तर बाहेर बाकावर, हातात फॉर्म. त्यावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मास्तरांनी तिथे ‘मित्र’ लिहिलं होतं आणि खिडकीतल्या माणसाने ते खोडलं होतं. ‘मित्र चालत नाही. रक्ताचं कुणी आणा.’ मी रक्ताचा. वर्षातून चार वेळा भेटणारा. मामांना कोणत्या गोळीने पित्त होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण सही माझी चालत होती.

सही झाल्यावर खिडकीतल्या माणसाने मास्तरांकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे कोण तुमचे?’

मराठीत नात्यांना काय कमी शब्द आहेत? नवऱ्याच्या बहिणीला वेगळा, बायकोच्या बहिणीला वेगळा, तिच्या नवऱ्याला आणखी वेगळा. पण मामांच्या मास्तरांना शब्द नाही. मी म्हटलं, ‘मामा. दोघेही मामाच.’

‘म्हणजे पेशंटचे भाऊ,’ असं म्हणत त्याने लिहून घेतलं आणि आत सोडलं. मास्तर चालता चालता म्हणाले, ‘पन्नास वर्षांनी भाऊ झालो बघ.’ ते हसत होते. मला मात्र २०१५ ची ती वर्तमानपत्राची घडी आठवली. त्या दिवशी मामा मला काहीतरी सांगायला आले होते आणि मी विनोद केला होता. विनोद करणाऱ्या माणसाला दार उघडण्याआधी थट्टा करायची खोड असते. तोवर पाहुणा निघून जातो.

चौथ्या दिवशी मामा गेले.

लोकांच्या लग्नाचा निकाल मतपेटीतून लावावा का, यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. आयर्लंडमध्ये बरं झालं. पण मतदारराजा लहरी. ४ नोव्हेंबर २००८ ला ओबामा निवडून आले, त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशी लग्नं बंद करायच्या बाजूने ५२ टक्के मतं दिली. आणि त्याच दिवशी खुराड्यातल्या कोंबड्यांना पंख पसरण्याइतकी जागा मिळावी, म्हणून घसघशीत बहुमताने कायदाही केला. कोंबड्या सुटल्या, माणसं अडकली. ती २०१३ मध्ये कोर्टामुळे सुटली.

आमच्याकडे उलटं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला असं प्रेम गुन्हा नाही असं सांगितलं. तेव्हा मामा म्हणाले होते म्हणे, ‘मास्तर, सत्तेचाळीस वर्षं आपण फरारी होतो आणि कुणी पकडलंसुद्धा नाही.’ पण १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की, लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, तो कायदा करणं संसदेचं काम. संसद म्हणजे निवडणूक. म्हणजे फिरून मुलगी पाहायला सातजण!

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या जाहीरनाम्यांत अशा जोडप्यांच्या मान्यतेविषयी ओळी होत्या. चाळीत एका उमेदवाराची तरुण मंडळी आली. मास्तरांनी त्यांना दारातच विचारलं, ‘आमच्या लग्नाचं काय करताय?’

‘आजोबा, या वयात?’

‘वय झालं म्हणूनच विचारतोय.’

पोरं गोंधळली. मग त्यातल्या एकाने, चांगला मुलगा असावा, चप्पल काढली आणि आत येऊन बसला. मास्तरांनी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तो कुठल्या पक्षाचा होता, हे मास्तरांनी मला सांगितलं नाही. मतदान गुप्त असतं. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने कळवलं की, रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावं, बँकेत जोडखातं उघडायलाही आडकाठी नाही. पुढे २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने फेरविचाराचे अर्जही फेटाळले. थोडक्यात, मामा-मास्तरांना एकत्र साखर घेता आली असती, सही मात्र माझीच लागली असती.

२० मे २०२४ ला मुंबईत मतदान होतं. मास्तरांना केंद्रावर न्यायला मी सकाळीच गेलो. टेबलावर मतदारयादीच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक मास्तरांची, एक मामांची. मेलेल्या माणसांची नावं यादीत राहतात, ही तर आपल्या लोकशाहीची जुनी परंपरा. मी उत्साहाने म्हटलं, ‘नाव काढायचा सात नंबरचा फॉर्म असतो. मी भरून देतो.’

मास्तरांनी दोन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या. घर क्रमांक १४. घर क्रमांक १४. एक अनुक्रमांक आणि त्याच्या पुढचा.

‘सरकारने आम्हा दोघांना एकत्र लिहिलेला हा एकच कागद आहे,’ ते म्हणाले. ‘तो मी कशाला खोडू?’

त्यांनी आपली चिठ्ठी हातात घेतली, मामांची शर्टाच्या खिशात ठेवली. आम्ही रांगेत दीड तास उभे राहिलो. बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘मामांचं एक मत मात्र फुकट गेलं.’

मास्तरांनी खिसा चाचपला. ‘फुकट कशाने? त्यांचं मत मला १९७१ पासून ठाऊक आहे.’

तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात अजून कोरा पडला आहे. नागरिक म्हणून ही माझी चूक आहे, हे मला मान्य आहे. भाचा म्हणून मात्र मी मत देऊन टाकलं आहे, आणि या वेळी ते गुप्त नाही.