आठ तासांचे बेट, तीन तासांत

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मुंबईहून 'मोहम्मदी' जहाजाने हजला गेले होते. सोलापूर स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला अर्धी गल्ली जमली होती, हे अब्बा अजून सांगतात. सागरी मार्गाने होणारा हज १९९५ साली बंद झाला आणि जहाज आमच्या घरात फक्त गोष्टीपुरते उरले. अब्बांनी आयुष्यभर चादरींच्या मागावर काम केले, हज विमानाने केला; पण एकदा तरी जहाजात बसायचे, ही त्यांची इच्छा राहून गेली होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती पूर्ण करायचे ठरवले. अम्मी, अब्बा, आम्ही दोघे आणि दोन मुले, असे सहा जण. ठिकाण ठरले लक्षद्वीप.

वर्गात नकाशावर आम्ही हे ठिपके किती वेळा दाखवले असतील. ३६ बेटे, वस्ती फक्त १० बेटांवर, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर महापालिकेच्या हद्दीचा पाचवा भागही नाही! २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३ आणि त्यात शंभरातले ९६ हून अधिक लोक मुसलमान. त्यांची परंपरा सांगते की हजरत उबैदुल्लाह यांचे जहाज फुटले, ते या बेटांवर आले आणि हिजरी सन ४१ मध्ये त्यांनी इथे इस्लामची दावत दिली. त्यांची मजार अंद्रोत बेटावर आहे.

तिथे जायला परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो. आम्ही पुण्याहून येणाऱ्या कन्याकुमारी गाडीने सोलापूरहून एर्नाकुलमला गेलो. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कोचीहून कवरत्ती साधारण चारशे किलोमीटर. आमच्या सहलीत तीन बेटे होती, कल्पेनी, कवरत्ती आणि मिनिकॉय. दिवसभर बेटावर राहायचे, रात्री जहाजात झोपायचे. हातात एक छापील कागद दिला होता. त्यावर कवरत्तीपुढे लिहिले होते, सकाळी ९ ते सायंकाळी ५. तो दिवस शुक्रवार होता. अब्बांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात उर्दूत लिहिले, 'जुमा. उजरा मस्जिद.'

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही प्रवाळाची बेटे आहेत. भूगोलात आपण कंकणाकृती प्रवाळद्वीप आणि खारकच्छ शिकवतो, ते इथे प्रत्यक्ष दिसते. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाची भिंत, आत हिरवे-निळे उथळ पाणी. या उथळ पाण्यात मोठे जहाज येऊ शकत नाही. ते बाहेर खोल समुद्रात उभे राहते, त्याच्या पोटातले दार उघडते आणि खाली लाटेवर वरखाली होणाऱ्या लहान बोटीत माणसाला उतरावे लागते. बोट वर आली की दोन खलाशी दंड धरून आत ओढतात. लाट मोठी असेल तर हे काम थांबते. म्हणजे कागदावर काहीही छापलेले असो, बेटावर किती वेळ मिळणार हे लाट ठरवते. पावसाळ्यात तर या सहली बंदच असतात.

कल्पेनीहून निघायलाच उशीर झाला होता. शुक्रवारी सकाळी वारा वाढला. नऊ वाजले, दहा वाजले, आम्ही गळ्यात केशरी जाकिटे अडकवून रांगेत बसून राहिलो. शेवटी घोषणा झाली : साडेअकराला उतरायचे, शेवटची बोट अडीच वाजता. आठ तासांचे तीन तास झाले. सहल नेणाऱ्यांनी तेवढ्यात बसेल असा कार्यक्रम नव्याने आखला. काचेच्या तळाची बोट, पोहणे, जेवण. दुपारनंतरची उजरा मशीद त्यातून गेली.

रांगेत आवाज चढले. कुणी पैसे परत मागू लागले, कुणी मोबाईलवर चित्रण सुरू केले. खरे सांगायचे तर आम्हीही त्यात होतो. दोन वर्षे पगारातून बाजूला काढलेले पैसे होते ते. अब्बा मात्र आमच्याकडे न बघता मागे बघत होते. रांगेच्या शेवटी बेटावरच्याच एक वृद्ध बाई होत्या, कोचीला उपचार घेऊन परतत होत्या. मुलाने त्यांना खांद्याने आधार दिला होता. त्या रात्रभर आमच्याच मजल्यावर बाकावर होत्या आणि ओकारीने हैराण झाल्या होत्या. त्यांच्यासाठी हे जहाज सहलीचे नव्हते, दवाखान्याची गाडी होती. ही जहाजे बेटांवरचे विद्यार्थी, रुग्ण, नोकरदार यांची ने-आण करतात. आपण सहलवाले त्यात पाहुणे. हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

बोटीत बसल्यावर आम्ही अब्बांना समजावले की मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, जोहरची दोन रकात कसर पढली तरी झाले. मुलांना काचेची बोट बघू द्या. मसला बरोबरच होता. अब्बा म्हणाले, "सवलत है बेटे, मनाई तो नै."

मग वाटणी झाली. अम्मी आणि मुलांची आई धाकटीला घेऊन खारकच्छाकडे गेल्या. आम्ही, अब्बा आणि मोठा मुलगा जेवण सोडून मशिदीकडे. मुलाचे तोंड उतरले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. काचेखाली त्याच्या बहिणीला कासव दिसले आणि त्याला नाही, हे तो अजून विसरलेला नाही.

कवरत्तीच्या वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना माड आणि घरांभोवती पांढऱ्या प्रवाळाच्या भिंती. सव्वाचार चौरस किलोमीटरच्या या बेटावर बावन्न मशिदी असल्याचे सांगतात. वजूच्या पाण्याला हात लावताना आपल्या सोलापूरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चारी बाजूंना समुद्र आणि पिण्याचे पाणी नाही! २००५ पासून इथे एक प्रकल्प समुद्राच्या वरच्या कोमट आणि खोलवरच्या थंड पाण्याच्या तापमानातील फरकावर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करतो, रोज सुमारे एक लाख लिटर. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

जुम्याला मशीद भरलेली होती. हे लोक शाफई मसलकाचे, आपल्या कोकणी बांधवांसारखे. इमामांची फातिहा संपताच सगळ्या सफांतून एकदम मोठ्याने 'आमीन' उठले आणि आमचा मुलगा दचकला. आम्ही हनफी, मनातल्या मनात म्हणणारे. सलाम फिरवल्यावर शेजारच्या गृहस्थांनी मल्याळममिश्रित बोलीत काहीतरी विचारले. आम्हाला कळले नाही. "महाराष्ट्र," आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली. अब्बा म्हणाले, "सोलापूर," जणू तेवढ्याने सगळे उलगडणार होते. त्या गृहस्थांनी जेवायला चला म्हणून हाताची खूण केली. आम्ही घड्याळ दाखवले. मग त्यांनी आपल्या पुतण्याला रिक्षा काढायला लावली आणि आम्हाला उजरा मशिदीत पोहोचवले. पैसे घेतले नाहीत. अब्बांनी पिशवीतली चटणीची पुडी त्याच्या हातावर ठेवली. कडाडून तिखट आहे हे त्याला कसे सांगावे, ते मात्र सुचले नाही.

उजरा मशिदीत आम्हाला वीस मिनिटे मिळाली. छत आणि खांब लाकडी, त्यावर कोरीव काम असे की नजर एका वेलीवरून सुटून दुसरीत अडकते. हे छत समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचे केले, अशी तिथली कथा आहे. अब्बा मान वर करून उभे राहिले. चादरीची नक्षी आयुष्यभर पाहिलेला माणूस. बोटाने हवेत धागे मोजावेत तसे त्यांचे चालले होते. आवारातल्या विहिरीचे पाणी प्यायले, आणि रिक्षावाल्या मुलाने हॉर्न वाजवला.

अडीचची बोट लागली तेव्हा लाटा सकाळपेक्षा मोठ्या होत्या. अम्मींना वर चढवताना आमचे हात थरथरत होते. त्यांच्यानंतर बेटावरचा एक रुग्ण स्ट्रेचरला बांधून वर घेतला. सकाळचे चित्रण करणारे लोकही तेव्हा गप्प होते.

दुसऱ्या दिवशी मिनिकॉय तर मिळालेच नाही. इथली भाषा महल, मालदीवच्या दिवेहीचीच एक बोली. ज्या मालदीवमध्ये इब्न बतूता चौदाव्या शतकात काझी होता. आम्ही लांबून फक्त दीपगृह पाहिले, १८८५ चे, पांढरे. सहलीच्या लोकांना बोटीत उतरायची मनाई झाली. पण बेटावरचे लोक, पोती आणि तान्ही मुले घेऊन, एकेक लाट मोजून उतरत होते. त्यांना घरी जायचे होते.

परत आल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलताना कळले की हे दुखणे एकट्या आमचे नाही. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रातल्या मोठमोठ्या क्रूझांवरही बंदरातला मुक्काम आखडता घेतला जातो. तिथे वादळ हे एक कारण आहेच, पण हिशेबही आहे. बंदरात प्रवाशांमागे कर भरावा लागतो. लवकर निघाले तर जहाज सावकाश चालवून इंधन वाचवता येते. शिवाय बंदरात असताना जहाजावरची दुकाने आणि जुगारघरे बहुधा बंद ठेवावी लागतात. खोल समुद्रात ती उघडतात. काही कंपन्यांनी तर स्वतःसाठी बेटेच राखून ठेवली आहेत, म्हणजे प्रवासी उतरला तरी खर्च घरातच राहतो. तिकिटाच्या बारीक अक्षरांत वेळापत्रक बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो. बंदर चुकले तर बहुतेक वेळा फक्त बंदराचा कर परत मिळतो. आम्हालाही तोच बारीक अक्षरांचा मजकूर दाखवण्यात आला. लाट ही अल्लाहची मर्जी, तिच्यावर आमची तक्रार नाही. पण मशीद सर्वात आधी का वगळली आणि पोहणे का ठेवले, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

जाणाऱ्या वाचकांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : वेळ कमी झाला तर कार्यक्रमातले काय आधी गाळणार, आणि एखादे बेट चुकले तर किती रक्कम परत देणार. वृद्ध बरोबर असतील तर उलटीची गोळी आणि घट्ट बुटांचे जोड विसरू नयेत. आणि ज्या कामासाठी गेलात ते काम बोटीतून उतरल्या उतरल्या उरकावे.

कागद अब्बांनी जपून ठेवला आहे. मिनिकॉयच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने लिहिले आहे, 'बाकी'. परवा ते विचारत होते, अंद्रोतला उतरायला कोणता महिना बरा.