उल्हास ते गड

गावाला कधी पोचलात, असं कोकणातल्या माणसाला कुणी विचारत नाही. किती तासांत पोचलात, असं विचारतात. "साडेआठ, न थांबता," असं सांगणाऱ्याची छाती फुगते आणि समोरचा "आम्ही शिमग्याला आठात मारलं होतं" म्हणून लगेच तिच्यातली हवा काढतो. ऑफिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत हा सामना बारा महिने चालू असतो. मागच्या सीटवर बसलेल्यांचं त्या आठ तासांत काय झालं, ह्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आमच्या बदलापुरात हा रोग जरा जास्तच. इथला माणूस लोकलवर जगतो. एक गाडी हुकली की अख्ख्या दिवसाची घडी विसकटते. उल्हासनगर-अंबरनाथची मंडळी बसायला मिळावं म्हणून उलटी बदलापूरपर्यंत येतात आणि त्याच गाडीनं मुंबईकडे जातात; ह्या 'रिटर्न'वाल्यांवरून रोजची वादावादी. असल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग आणि चारशेच्या वर किलोमीटरचा रस्ता दिला, की तो त्याचंही टाइमटेबल करणारच. माझ्या नवऱ्यानं केलं. पहाटे तीनला बदलापूर, चारला कर्जत, महाडला चहा, दहा मिनिटं, चिपळूणला नाश्ता, वीस मिनिटं, दुपारच्या जेवणाला कणकवलीच्या पुढं घरी. अक्षर सुबक, खाली रेघ मारलेली. त्या अख्ख्या कागदात चार वर्षांच्या मुलीला एकदाही शू लागत नव्हती.

गणपतीला गाडीनंच का जायचं, ह्यावर आधी रीतसर चर्चा झाली होती. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण आमच्या दारावरून ती जात नाही. बदलापूरकरानं पोर आणि बोचकी घेऊन आधी ठाणं, दिवा नाहीतर पनवेल गाठायचं आणि मग तिथल्या गर्दीत शिरायचं. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या तारखांना वेटिंग लिस्ट तीच. विठ्ठलवाडी डेपोतून सुटणारी जादा एसटी हा आमच्या भागातला जुना, विश्वासाचा मार्ग, पण रात्रभर मुलीला मांडीवर घेऊन बसायची माझी तयारी नव्हती. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत आपली मोटारच वाघिणीवर चढवून नेण्याची सोय काढली होती. नवऱ्यानं ती बातमी मोठ्यानं वाचली आणि स्वतःच निकालात काढली: "कोलाडपर्यंत मीच चालवायची, तर पुढं काय पाय मोडलेत?" सासूबाईंनी शेवटचा घाव घातला. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी बाहेर काढले. "रेल्वेचं काही खरं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी आपलं गाव तरी कुठं कोरडं होतं, हे मी ओठांवर आलेलं गिळलं.

तर गाडी. गाडी म्हटल्यावर लहान मुलाची सीट आणि सीट म्हटल्यावर आमच्या घरात महाभारत. "मांडी कशाला आहे मग?" हा सासूबाईंचा सवाल. नवरा वर्षाचा असताना परळ ते कणकवली एसटीत त्यांच्या मांडीवरच आला होता आणि धडधाकट आहे, हा पुरावा. पुराव्यापुढं कायदा चालत नाही, तरी मी सांगून पाहिला: २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याची वेगळी सीट नसेल तर हजार रुपये दंड. हजार रुपयांचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा थोडा बदलला. मग मी विचारलं, साठच्या वेगात गाडी एकदम कशावर तरी आदळली तर पंधरा किलोची पोर दोन हातांनी धरता येईल का? पैलवानाला येत नाही. त्या गप्प झाल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, "सीट मागंच लावा, माझ्या शेजारी. पुढं ती हवेची पिशवी असते म्हणे." माझ्या आधी त्यांनीच कुणालातरी फोन करून विचारलं होतं.

दुसरी भानगड गाडी लागण्याची. आमच्या लेकीला गाडी लागते, आणि अगदी तान्ही असताना लागत नव्हती, ह्याचं सगळ्यांना नवल. त्यात नवल नाही. दोन वर्षांच्या आत हा त्रास फारसा दिसत नाही. दोन ते बारा ह्या वयात जोर असतो. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं, आपण हलतोय; डोळे पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. ह्या दोघांच्या भांडणात पोट मारलं जातं. म्हणूनच मोबाइल हातात देऊन मुलाला गप्प बसवायचा सोपा उपाय नेमका इथं अंगावर येतो. डोळ्यांना लांबचं काहीतरी बघायला हवं. आलेपाक, आवळासुपारी, आमसूल हे ठीक, डॉक्टरांनी दिलेलं औषध डब्यात आहे. पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी हवं, हे मी मनात धरून ठेवलं.

उलटी व्हायची ती होणारच, म्हणून मागच्या सीटवर घालायला रेक्झिन आणायला उल्हासनगरला गेले. शिवून, कापून, चिकटवून काहीही हवं असेल तर आमच्या पट्ट्यात उल्हासनगरच. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे शहर. १९४९ साली उल्हासनगर असं बारसं झालं तरी लोक अजून पत्ता सांगतात तो कॅम्प नंबरानं. तीन नंबर कॅम्पातल्या त्या दुकानदारानं मी माप सांगायच्या आत विचारलं, "बेबी को उलटी होती है क्या?" मग मला काही बोलू न देता त्यानं थानातून रेक्झिन ओढलं, कडेला टाचेइतकी पट्टी जास्त सोडली आणि ती वर वळवून दाखवली. "किनारा खडा रखने का, ताई. नहीं तो सब नीचे कार्पेट में जाता है." पट्ट्यांसाठी दोन चिरा पाडल्या, चिरांच्या कडा मेणबत्तीवरून फिरवून बंद केल्या, अंगठ्यानं दाबल्या. माझ्या नवऱ्याच्या टाइमटेबलात इतकी अक्कल कुठंच नव्हती. येताना दाल-पकवान घेतलं, ते मात्र घरी आणण्याइतकं टिकलं नाही.

रंगीत तालीम म्हणून एका रविवारी मुलीला नव्या सीटवर बसवून अंबरनाथच्या शिवमंदिराला नेलं. हा काही प्रवास नव्हे, पण काटई रस्त्याच्या वाहतुकीनं तो करून दाखवला. वालधुनीच्या काठचं हे शिलाहारांचं देऊळ १०६० सालचं, लोक भिंतींवरची शिल्पं बघायला येतात. लेकीला आवडल्या त्या गाभाऱ्यात खाली उतरणाऱ्या पायऱ्या. उतरली, चढली, पुन्हा उतरली. परत येताना एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "आलं का?" मग दर दोन मिनिटांनी. "अजून पाच किलोमीटर" ह्या उत्तराचा तिच्या लेखी काही अर्थच नव्हता, आणि का असावा? "आलं का"चं उत्तर तिला कळेल अशा कशात तरी द्यायला हवं होतं.

रात्री नकाशा उघडला आणि ते उत्तर निळ्या रेघांत पडलेलं दिसलं. नद्या. आमचा रस्ता कर्जत, खोपोली, पाली करून वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. बदलापूर ते कर्जत आपण उल्हासच्या सोबतीनं, पण तिच्या उलट, वर वर जातो. खोपोलीला पाताळगंगा, तिच्याकाठी टाटांचं १९१५ साली सुरू झालेलं वीजकेंद्र, ज्याच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मग पालीची अंबा. मग पुढं महामार्ग दक्षिणेला चालतो आणि सह्याद्रीतून निघालेली एकेक नदी त्याला आडवी येते, कारण कोकणातल्या नदीला डोंगर ते समुद्र एवढंच धावायचं असतं. कोलाडला कुंडलिका. महाडच्या पुढं सावित्री. भरण्याला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. बाव, काजळी, मुचकुंदी, राजापूरची अर्जुना, खारेपाटणची शुक. आणि कणकवलीची गड, जी ओलांडली की आमचं गाव आलंच.

मी ड्रॉइंगच्या वहीत एक लांब तपकिरी रस्ता काढला आणि त्याला आडव्या निळ्या रेघा. लेकीनं प्रत्येकीत मासे काढले. जगबुडीत मगर काढली, नावावरून. एक नदी आली की खिडकीतून बघायचं, वहीत खूण करायची, एक राजगिऱ्याचा लाडू. "आलं का?" विचारलं की उत्तर, "अजून अर्जुना कुठं आली?"

हा खेळ लेकीसाठी काढला होता, पण घरातली मोठी माणसंच त्यात शिरली. अंबेच्या रेघेवर बोट ठेवून सासूबाई जांभूळपाड्याविषयी बोलल्या, जुलै १९८९ चा पूर, एका रात्रीत वाहून गेलेली माणसं. सावित्रीपाशी नवरा थांबला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशांच्या वेळचा पूल पडला आणि एसटीच्या गाड्या अंधारात थेट नदीत गेल्या. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी नवा पूल उभा राहिला. वाशिष्ठी म्हणजे २०२१ चा जुलै, चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. एवढ्या वर्षांत ह्याच पुलांवरून आम्ही किती वेळा गेलो असू, पण डोळे असायचे घड्याळावर. लेकीसमोर यातलं काही फार बोललो नाही. तिच्या सावित्रीत सध्या एक पिवळी होडी आहे.

आता नद्या बघायच्या म्हणजे उजेड हवा. पहाटे तीनचं गणित इथं कोसळलं. रात्री निघावं, पोर झोपून जाते, हा सल्ला आम्हाला ज्यानं त्यानं दिला होता. पोर झोपते हे खरं, पण चालवणाऱ्यालाही झोप येते. आणि भाद्रपदातल्या पावसात, २०११ पासून चाललेल्या चौपदरीकरणाच्या कुठल्या वळणावर कोणता फाटा कुठं वळवलाय हे दिवसाही कळत नाही. ह्या महामार्गावर दरसाल चाकरमानी शिव्या घालत जातात आणि दरसाल जातात. माझं मत विचाराल तर पोर झोपेल म्हणून रात्री निघणं ही मोठ्यांची सोय आहे, मुलाच्या नावावर खपवलेली. गावाहून काकांचा फोन आला, त्यांनीच निकाल दिला: "चेडवाक घेवन रातचे भायर पडू नकात. सावकाश येवा. गणपती खंय पळून जाणा नाय."

नवरा दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, उजाडल्यावर निघू, चिपळूणला मुक्काम करू. अर्ध्यावर मुक्काम! ह्या घराण्यात असं कुणी केलेलं नाही. चुलत दीराला कळलं तेव्हा त्यानं विचारलं, "गाडीत काही बिघाड आहे का?" कशेडीला आता बोगदा झालाय, त्यामुळं घाटातली वळणं, आणि पर्यायानं रेक्झिन, वाचण्याची शक्यता आहे. मुलीला मात्र सांगून ठेवलंय की बोगद्यात शू येऊ द्यायची नाही. ती म्हणाली, "मग आधीच नदीपाशी करते."

बाकीचं काय, सगळ्यांना ठाऊक असतं ते. चाकांतली हवा, वायपरचं रबर, पीयूसी, फास्टॅग, ओआरएस, थर्मामीटर, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, मेतकूट. मुलीचं प्लॅस्टिकचं भांडं डिकीत नाही, हाताशी, हे मी दोनदा बजावलंय. कारण डिकी आमची नाहीच. ती गावची. उल्हासनगरहून आणलेली मखराची झालर, काकूंसाठी साड्या, पुतण्याची जीन्स, लाइटच्या माळा, एक इस्त्री. येताना त्याच जागी नारळ, तांदूळ, आमसुलं आणि काकूंनी ऐन वेळी कोंबलेला एक फणसाच्या साठांचा डबा.

परतीचं अजून ठरायचंय. सासूबाईंना गौरी-विसर्जनानंतरही राहायचंय, नवऱ्याची रजा त्याआधीच संपते. त्याला येताना फोंडा घाट चढून राधानगरी, कोल्हापूर आणि पुण्यावरून यायचंय; रस्ता चांगला, असं तो म्हणतो. लेकीनं वही उलटी धरून विचारलं, तिकडं नद्या आहेत का? आहेत, आणि घाटापलीकडं त्या उलट्या, पूर्वेला पळतात. ते पान काढायचं काम नवऱ्याकडे गेलंय. पंचगंगा, वारणा आणि कऱ्हाडची कोयना त्यानं काढली, नीराही काढली. भुईंजला महामार्ग कृष्णेवरून जातो की नाही, ह्यावर काल रात्री तो आणि काका फोनवर अर्धा तास हुज्जत घालत होते.