मिनिकॉयचा दिवा

लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला मिनिकॉय आहे. जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरांचे बेट. इतर बेटांवर मलयाळम चालते. इथे मात्र मालदीवशी नाते सांगणारी महल भाषा. १८८५ सालच्या दीपगृहावर चढलो, तो सारे बेट एका नजरेत मावले. माड, उथळ हिरवे पाणी, पलीकडे काळानिळा समुद्र आणि क्षितिजावर लांबच्या वाटेने चाललेली जहाजे.

माझे यजमान जन्मभर खलाशी होते. मुंबईच्या गोदीत शिकलेल्या हिंदीत ते म्हणाले, "कितीदा तरी रात्री बोटीवरून हा दिवा दिसे. पण बोट थोडीच थांबते! आपल्याच गावावरून पुढे निघून जायचे. किती वेळा गेलो, मी मोजले नाही. हिने मोजले असेल."

कुप्याचे कालवण वाढणारी त्यांची म्हातारी नुसती हसली.

आमचा मुलगाही परदेशी असतो. यंदा आकाशकंदील लावताना आमची ही म्हणाली, "एवढा उंच कशाला? कुणाला दिसणार आहे?"

मी काही बोललो नाही. दोरी मात्र आणखी हातभर ओढली.