ढब्बूची बदली

ऑस्कर मासा दुकानात बोटभर दिसतो. वर्षभरात तो वीतभराच्या पुढे जातो, नीट सांभाळला तर फूटभर होतो आणि दहा-बारा वर्षं सहज जगतो, हे घेताना कोणी सांगत नाही. आमचा ढब्बू असाच एका पिशवीतून अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या घरी आला. काळपट अंगावर नारिंगी नक्षी, आणि शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा ठिपका, अगदी डोळ्यासारखा. या जातीचं मूळ घर अ‍ॅमेझॉनचं खोरं. तिथे शेपटी कुरतडणारे मासे या खोट्या डोळ्याला डोकं समजून दूर राहतात, असं अभ्यासक मानतात.

ढब्बूला टाकीतली मांडणी आपल्या मनासारखी लागायची. रात्रीतून तो सगळी खडी तोंडाने उचलून एका कोपऱ्यात रचायचा, थर्मामीटर ओढून खाली पाडायचा. पाहुणे आले की मागे सरायचा आणि आजीचं पातळ दिसलं की काचेला येऊन भिडायचा. आजी त्याला उकडलेले, सोललेले मटार हाताने भरवायची. “तो मले वळखते बाप्पा,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती.

मग मे महिन्यात बाबांची अकोल्याला बदली झाली. मासा दुकानात देऊन टाका, असा सल्ला पुष्कळांनी दिला. बाबांनी तो मनावर घेतला नाही. ते आधी जाऊन जठारपेठेतल्या घरी मोठी, चार फुटी टाकी मांडून आले. खाली थर्मोकोलचा जाड पत्रा, कारण भरलेल्या टाकीचं वजन दोन-अडीच क्विंटल होतं आणि जमीन जरा उंचसखल असली तरी काच तडकते. घरच्या बोअरचं पाणी मचूळ. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोलेकरांना वेगळा सांगायला नको. असं पाणी माशाच्या अंगातल्या क्षारांचा तोल एकाएकी बिघडवतं. म्हणून महानच्या धरणाचं नळाचं पाणी, तेही काही दिवसांआड येणारं, ड्रमांत साठवलं आणि क्लोरीन मारायला त्यात हायपोचे खडे टाकले.

पण माशाचं खरं घर पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजात जास्त असतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, तो विषारी. स्पंजावर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेट करतात. कोऱ्या टाकीत ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि एवढ्या मोठ्या माशाला तोवर दम धरवत नाही. स्पंज वाळला किंवा नळाखाली धुतला की वस्ती मेली. म्हणून तो जुन्याच पाण्याच्या बादलीत, न धुता, हवेची नळी लावून न्यायचा ठरला.

निघण्याआधी दोन दिवस ढब्बूला उपास. आजी रागावली. “काहून उपाशी ठेवता त्या मुक्या जीवाले?” पोट रिकामं असलं की वाटेत पाणी कमी घाण होतं, हे तिला पटवताना बाबांची पुरेवाट झाली.

पहाटे तीनला टाकीतलं पाणी हातभर उरेपर्यंत उपसलं. मोठ्या माशाला जाळी लावूच नये. तो फडफडतो, पर अडकून फाटतात, डोळ्याला इजा होते आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून निघतो. तोच थर त्याला रोगांपासून राखतो. बाबांनी प्लास्टिकचा टब पाण्यात आडवा बुडवला, मी ओल्या हातांनी ढब्बूला हळूहळू त्यात सारलं आणि पाण्यासकट त्याला उचललं. तिथून झाकणाच्या मोठ्या ड्रममध्ये. ऑस्कर उडी मारतो, म्हणून झाकण हवंच; शिवाय अंधारात मासा शांत राहतो. ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, बॅटरीवरचा एअरपंप लावला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि अकोल्याचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास. ऊन चढायच्या आत पोचणं भाग होतं.

अमरावती–अकोला रस्त्याचं नाव पुढे गिनीज बुकात गेलं. 2022 च्या जूनमध्ये तिथे सलग 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. आमची गोष्ट त्याआधीची, खड्ड्यांची. आमचा छोटा हत्ती टेम्पो बडनेऱ्यापासून डुलत निघाला आणि मी मूर्तिजापूर, बोरगाव मंजूपर्यंत ड्रम दोन्ही हातांनी धरून बसले. आतून मधूनच शेपटीचा धप्प आवाज यायचा, तो आला की जीव भांड्यात पडायचा.

अकोल्यात पोचल्यावर घाई केली नाही. ड्रममध्ये नव्या टाकीचं पाणी तांब्या-तांब्याने, थांबून थांबून घातलं. पिशवीत बंद करून लांबून आणलेल्या माशाचं गणित वेगळं असतं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून आम्लता वाढते आणि तोवर अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून तिच्यात आपलं वऱ्हाडचं जड पाणी मिसळत बसलं, तर तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला लवकर बाहेर काढावं लागतं. आमच्या ड्रममध्ये वाटभर हवा खेळती होती, त्यामुळे सावकाशीला वाव होता.

टाकीत सोडताच ढब्बू तळाला गेला आणि आडवा पडला. आजीने पदर तोंडाला लावला. “आंग टाकलं वाटते यानं.” पण कल्ले संथ, सारख्या लयीत हलत होते. घर बदललं की ऑस्कर असा रुसून कुशीवर पडतो, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी दिवा मालवला, काचेवर चादर टाकली आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तो तसाच. तिसऱ्या दिवशी सकाळी खडीचा कोपऱ्यात ढीग लागलेला होता, आणि आजी मटार सोलायला बसली.

अकोल्यात तो म्हातारा होईपर्यंत जगला. उन्हाळ्यात टाकीत बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवायचो, ती तो नाकाने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा. शेवटी एक डोळा पांढरा झाला, तरी आजीच्या हाताखाली बरोबर यायचा. तो गेल्यावर शेजारच्या मुलाने गप्पी आणले, तेव्हा बाबांनी तोच जुना स्पंज, ओलाच, त्याच्या टाकीत बसवून दिला. त्याचा एकही गप्पी दगावला नाही.