घरात कोणता कागद अडलाय?

उल्लास हा केंद्र सरकारचा साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळातला, 15 वर्षांपुढच्या निरक्षरांसाठीचा, आणि त्यात शिकवणारे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत नाव द्यायला गेले आणि विचारलं, "शिकवायला कधीपासून येऊ?" गुरुजी म्हणाले, "शिकणारे कोण आहेत, ते आधी बघून या." मग दारोदार फिरणं आलं. ज्या आळीत लहानाची मोठी झाले, तिथल्या किती बायकांना सही येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

दुपारचा वर्ग कुणालाच जमेना. दिवसभर रान, संध्याकाळी चूल. जेवणं उरकली की समाजमंदिरात बसू, असं बायकांनीच ठरवलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, हे मी शाळेत पाठ केलं होतं. ती रात्रीचीच का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

पहिल्या रात्री फळ्यावर अ, आ काढले. एका मावशींनी पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरली आणि इतकी दाबली की कागद फाटला. मग कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेली रेशनची पावती काढून म्हणाल्या, "बाई, मला हे वाचायचंय. मशीनवर अंगठा देते, पावती घेते, पण मापात किती आलं ते दुकानदार सांगेल तेच." प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य, अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो. मला हे ठाऊक नव्हतं. त्यांना तोंडपाठ होतं. हिशेब त्यांचा डोक्यात तयार होता, अडलं होतं ते फक्त आकड्यांच्या ओळखीपाशी. त्या रात्री अ, आ पुसले आणि फळ्यावर 5 आणि 35 लिहिले.

तिथून पुढे धडे कागदांनीच ठरवले. बचत गटाचं इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय बोललं गेलं, काय ठरलं त्याची नोंद. बायका त्यावर आजवर न वाचता अंगठा देत आल्या होत्या. नंतर ग्रामपंचायतीच्या फलकावरची नोटीस. 'ग्रामसभा'तल्या 'ग्र'पाशी सगळ्याच अडल्या. जोडाक्षर फोडून दाखवताना पुढची ओळ आली: ग्रामसभेआधी महिला सभा. ती घ्यावीच लागते, हा नियम आहे. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे मी जाणून होते. या सभेबद्दल मात्र मीही त्यांच्याबरोबर त्या फलकावरच वाचलं.

सभेला आम्ही एकत्र गेलो. मी मागे बसले. मावशी उठल्या: "भाऊसाहेब, मागच्या सभेत आमच्या आळीच्या नळाचं ठरलं होतं. ते वहीत कुठंय, दाखवा." ग्रामसेवकांनी वही पुढे केली. मावशींनी ओळीवर बोट ठेवून शोधलं, खूप वेळ लागला, कुणी घाई केली नाही. नळाची नोंदच नव्हती. ठराव नव्याने लिहून घेतला गेला. मी पदवीधर असून त्या वहीला आजवर हात लावला नव्हता.

शेवटी परीक्षा असते, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी. म्हणजे वाचता, लिहिता आणि हिशेब मांडता येतो का, ते बघणारा पेपर. तिन्हींना 50-50, एकूण 150 गुण. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा 17 मार्च 2024 रोजी झाली. ती हवीच, प्रमाणपत्र हातात आल्यावर बायका ताठ चालतात. पण इतिवृत्त मागण्याला त्यात गुण नाहीत, आणि माझ्या मते साक्षरतेची खरी कसोटी तीच आहे.

जवळच्या जिल्हा परिषद शाळेत स्वयंसेवक म्हणून नाव द्या. शिकवण्याचा अनुभव लागत नाही. पहिल्या दिवशी मुळाक्षरांआधी एवढंच विचारा: घरात कोणता कागद अडलाय? तो घेऊन यायला सांगा.