आषाढातलं कातडं

काल रात्रभर पाऊस. पहाटे उठून आधी माळ्यावरच्या कातड्यांना हात लावला. म्हशीची दोन कातडी, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली. एकावर रुपयाएवढा पांढरा बुरा आला होता. कोरड्या फडक्याने पुसलं, सावलीत वाऱ्याला टांगलं. ऊन दाखवायचं नाही. कडक होतं, मग वाकवताना तडकतं.

चूक माझीच. पाऊस लागेल म्हणून प्लास्टिकात गुंडाळलं आणि आत ओल कोंडली. आबा कातड्याची घडीसुद्धा घालू द्यायचे नाहीत. घडीची रेघ जन्मभर जात नाही. केसाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करायची, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. ज्या खोलीत आम्ही जेवतो, झोपतो, तिथेच ही जागा काढायची म्हणजे आईचे धान्याचे डबे सरकवायचे. तिने कधी कुरकुर केली नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या चपलेचा तळ पावसाळा काढतो तो असा, आईच्या डब्यांशेजारी.

संध्याकाळपर्यंत कातडं सुकलं. डाग राहिला नाही.