जुन्या दैवतांचा जाणता कारभारी

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात एका दांपत्याचं संगमरवरी स्मारक आहे: व्हेटियस आगोरियस प्रेटेक्स्टाटस आणि त्याची पत्नी पॉलिना. नवऱ्याच्या नावाखाली मानमरातबांची लांबलचक यादी कोरलेली आहे. तिचा क्रम नीट बघावा असा. आधी पौरोहित्यं: शकुनवेत्ता, व्हेस्टाचा आणि सूर्याचा पुरोहित, एल्युसिसच्या गूढविधींची दीक्षा घेतलेला, मिथ्राच्या उपासकांतला ‘पित्यांचा पिता’. सरकारी हुद्दे त्यानंतर. सम्राट ख्रिस्ती झाले होते, त्या चौथ्या शतकातलं हे कोरीव काम आहे.

हुद्दे काही लहान नव्हते. ज्युलियन या अखेरच्या बिगरख्रिस्ती सम्राटाने 362 मध्ये त्याला ग्रीसमधल्या अखाया प्रांताचा कारभार दिला. ज्युलियन वर्षभरातच लढाईत पडला. पुढे सम्राट व्हॅलेंटिनियनने रात्रीच्या यज्ञांवर बंदी घातली, तेव्हा प्रेटेक्स्टाटसने त्याला पटवलं, की हे विधी गेले तर ग्रीकांना जगणंच नकोसं होईल. त्याच्या प्रांतापुरती तरी बंदी ढिली झाली.

पण त्याचा खरा कस लागला तो 367 मध्ये, रोमचा नगरप्रमुख झाल्यावर. आदल्याच वर्षी डमासस आणि उर्सिनस यांच्यात बिशपपदावरून रक्तपात झाला होता. एका चर्चमध्ये एकाच दिवशी 137 प्रेतं सापडल्याचं इतिहासकार अम्मियानस लिहितो. प्रेटेक्स्टाटसने उर्सिनसला शहराबाहेर घालवलं आणि दंगा शमवला. ख्रिस्ती लोकांच्या आपसातल्या भांडणात शांतता राखली ती मिथ्राच्या भक्ताने, आणि तीही कुणावर सूड न उगवता. याच काळात त्याने देवळांना खेटून बांधलेल्या खाजगी भिंती पाडल्या, रस्त्यावर आलेले सज्जे काढवले, पेठापेठांत प्रमाणित वजनं ठेवली. बारा देवांच्या मूर्तींचा मंडपही दुरुस्त केला.

मला बिशप करा, लगेच ख्रिस्ती होतो, असं तो बिशप झालेल्या डमाससला गमतीने म्हणे. ही आठवण संत जेरोमने नोंदवली आहे. प्रेटेक्स्टाटस 384 मध्ये वारला, तेव्हा पुढच्या वर्षीच्या कॉन्सलपदासाठी त्याचं नाव ठरलेलं होतं. जेरोमने मात्र पत्रात लिहिलं, की तो आता काळोखात पडला आहे, आणि तो स्वर्गात गेला असं मानणाऱ्या पॉलिनाला त्याने टोचलं.

पॉलिनाची बाजू स्मारकाच्या पाठीमागे कोरलेल्या कवितेत आहे. दोघांचा संसार चाळीस वर्षांचा. सत्तेची पदं तिला क्षुल्लक वाटतात. नवऱ्याने आपल्याला शिकवलं, प्रत्येक दीक्षेत सोबत नेलं, याचं तिला मोल आहे.

391 मध्ये सम्राट थिओडोसियसने यज्ञांवर सरसकट बंदी घातली. त्यामुळे प्रेटेक्स्टाटसची गणना पुष्कळदा ‘अखेरच्या मूर्तिपूजकां’त करून विषय संपवला जातो. तो त्याच्यावर अन्याय आहे. विरोधकांच्या शहरातही न्यायाने कारभार करणारा प्रशासक म्हणून त्याची जागा मोठी आहे.